माणिक म्हणून घेतलेला खडा

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा, डिसेंबर २०२३. या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर हल्ली रिक्षावालाही बोलतो, आणि पुष्कळदा माझ्यापेक्षा बरं बोलतो. मग मी आपल्या ग्रुपवरचे वर्षभराचे फोटो चाळले. बँकॉक, दुबई, कोलंबो, बाली. आपली पिढी आता फिरायला लागली आहे. मुलं मोठी झाली, फ्लॅटचे हप्ते संपत आले. आणि त्या फोटोंत समुद्राच्या खालोखाल काय दिसलं असेल तर अंगठ्या. "तिथे नीलम फार स्वस्त मिळतात गं," असं मला या वर्षात चौघींनी सांगितलं. म्हणून आज खड्यांवर बोलते.

मी सराफ नाही, रत्नशास्त्र शिकलेली नाही. एकदा चांगली फसले, आणि फसल्यावर नाद लागल्यासारखं वाचत, विचारत, बघत गेले. तेवढाच माझा अधिकार.

तुमच्यापैकी नवघर रोडला राहणाऱ्यांना माझी आई आठवत असेल. आपल्या लहानपणी भाईंदर पूर्वेला दोन कामं घरोघरी होती. पुरुष स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात, आणि बायका घरी इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवायला. मालवाला पिशवीत सेट आणून टाकायचा आणि ग्रोसच्या हिशेबाने पैसे द्यायचा. आई दुपारी अ‍ॅल्युमिनियमच्या ताटात खडे पसरून बसायची. मेण लावलेल्या काडीने एकेक खडा उचलायचा, गमच्या थेंबावर ठेवायचा, चिमट्याने सरळ करायचा. पांढरा असला तर 'अमेरिकन डायमंड', लाल-हिरवा असला तर साधी काच, पाठीला चंदेरी मुलामा. मी आणि माझी बहीण अभ्यास झाला की रंग वेगळे करून द्यायचो. या शाळेच्या सहलीचे पैसे त्या ताटातून आले आहेत. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे.

२००८ साली कंपनीने मला एका बँकेच्या प्रोजेक्टसाठी दोन महिने बँकॉकला पाठवलं. पहिला परदेश. ऑफिस सिलोम रोडजवळ, आणि तो भागच मुळी रत्नव्यापाराचा. जन्मभर काचेचे खडे चिकटवणाऱ्या बाईच्या बोटात एक खरं माणिक घालायचं, हे मी विमानातच ठरवलं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी मी राजवाडा बघायला निघाले. बाहेर एक नीटनेटका माणूस भेटला. म्हणाला, आज पूजा आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद. पण काही हरकत नाही, हा टुकटुकवाला थोड्या पैशांत दोन मंदिरं दाखवील. दुसऱ्या मंदिरात अजून एक सज्जन भेटला, तोही सहजच. तो म्हणाला, आज सरकारी रत्नांच्या सेलचा शेवटचा दिवस आहे, मी स्वतः घेऊन आलोय. टुकटुकवाला न सांगता तिथेच घेऊन गेला. थंडगार दुकान, सरबत, गोड बोलणं. तीन कॅरटचं लालभडक माणिक, १८,००० बाट. तेव्हाचे साधारण २२,००० रुपये. वर सर्टिफिकेट, आणि "मुंबईत दुप्पट किंमत येईल" हे ऐकवणं.

आता विचार करा. झवेरी बाजारात पिढ्यान् पिढ्या बसलेल्या माणसांना ही बातमी कळली नव्हती, ती भाईंदरच्या मुलीला एका टुकटुकवाल्याकडून कळली. मी इंजिनिअर, तर्कावर पोट भरणारी. पण त्या दिवशी मी आईसाठी वस्तू घेत होते, आणि अशा वेळी माणूस तर्क करत नाही. ही सगळी साखळी किती जुनी आणि ठरलेली आहे, ते मला नंतर कळलं. राजवाडा त्या दिवशी उघडाच होता. 'सरकारी सेल' नावाची गोष्टच नसते. थायलंडचं पर्यटन खातंही पर्यटकांना याबद्दल सावध करतं, आणि तिथल्या टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५ आहे. जाणाऱ्यांनी फोनमध्ये घालून ठेवा. वाटेत तीन अनोळखी माणसं एकच गोष्ट सांगत असतील तर ती गोष्ट खरी आहे असं समजू नका, ती तिघं एकमेकांच्या ओळखीची आहेत असं समजा.

आईला अंगठी करून दिली. तिने खडा खिडकीपाशी नेला, मालवाल्याने कधीतरी दिलेलं भिंग डोळ्याला लावून पाहिलं, आणि "छान आहे गं" म्हणाली. चार वर्षं रोज घातली.

मग बोटं सुजायला लागली म्हणून अंगठी सैल करायची होती. मी आपल्याच तुकडीतल्या एकाच्या वडिलांकडे दिली. नाव घेत नाही, पण तो पहिल्या रांगेत बसून हसतोय. काकांनी अंगठी कापली, तुकडा घातला, झाळ दिली आणि साफ करायला नेहमीसारखी आम्लाच्या पाण्यात टाकली. बाहेर काढली तेव्हा खडा पांढुरका पडला होता आणि आतून कोळ्याचं जाळं असावं तसा तडकला होता. मी दुकानात उभं राहून काकांना नको ते बोलले. "खरा खडा बदललात" इथपर्यंत बोलले. चार गिऱ्हाइकं ऐकत होती. काका एवढंच म्हणाले, "पोरी, माणिक आगीला असं घाबरत नाही. तपासून घे."

मी तावातावाने खडा मुंबईच्या प्रयोगशाळेत नेला, काकांना खोटं पाडायला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, की माणकाच्या भेगांमध्ये शिशाची काच भरलेली आहे.

हा प्रकार समजून घ्या, कारण बाजारात तो अजून भरपूर आहे. माणिक आणि नीलम ही दोन्ही एकाच खनिजाची भावंडं, कुरुंद. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड. त्यात क्रोमियमचा अंश आला की लाल, लोह आणि टायटॅनियमचा आला की निळा. निकृष्ट कुरुंद भेगाळलेला, अपारदर्शक असतो, खडीच्या भावाचा. साधारण २००४ पासून बाजारात असे खडे आले, की हा भेगाळलेला दगड घ्यायचा, तापवायचा आणि भेगांत शिसं असलेली काच वितळवून भरायची. शिशाच्या काचेतून प्रकाश जवळजवळ माणकासारखाच वळतो, त्यामुळे भेगा डोळ्याला दिसेनाशा होतात. डबक्यातल्या पाण्यात बुडलेली काच दिसत नाही ना, तसं. कालचा मातीमोल दगड आज लालबुंद होतो. पण ती काच सोनाराच्या ज्योतीत टिकत नाही, साफसफाईच्या आम्लात टिकत नाही, लिंबाच्या रसानेसुद्धा तिची नासाडी होते. भिंगातून पाहिलं तर चपटे बुडबुडे दिसतात, आणि खडा हलवला की आत निळसर झाक चमकून जाते.

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बुडबुडे मी पहिल्या दिवशीच बघितले होते. एवढी वर्षं काच हाताळली मी." मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणते, "बोलून काय, परत जाणार होतीस बँकॉकला?"

काकांकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. त्यांनी चहा मागवला आणि विषय काढू दिला नाही. पण मी बोलले होते चार गिऱ्हाइकांसमोर आणि माफी मागितली होती एकट्यात, ते बरोबर नव्हतं. काका आता नाहीत. आज त्यांचा मुलगा समोर आहे आणि तुम्ही सगळे आहात, म्हणून म्हणते, चूक माझी होती. काकांनी खडा बदलला नव्हता. त्यांच्या दुकानात पाऊल ठेवण्याआधीच तो खोटा होता.

तर आता कामाचं सांगते.

पहिला घोळ शब्दांचा असतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा व्यापार आहे. 'क्रिएटेड', 'हायड्रो', 'रिकन्स्ट्रक्टेड' असे शब्द विक्रेता भराभर उच्चारतो आणि आपण पुढचा 'रुबी', 'एमराल्ड' तेवढाच ऐकतो. पिवळा क्वार्ट्झ, ज्याला आपल्याकडे सुनेला म्हणतात, तो पुष्कराजाच्या नावावर जातो. ब्रिटिश राजमुकुटात मधोमध बसवलेलं 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' सुद्धा माणिक नाही, स्पिनेल आहे. राजांची तपासणी इतकी, मग आपली काय सांगावी. स्पिनेल स्वतः उत्तम रत्न आहे बरं का. ते स्पिनेल म्हणून, स्पिनेलच्या भावात घ्यावं.

वजनातही तसंच. आपल्या आया रत्तीत बोलतात, परदेशी दुकानदार कॅरटमध्ये. कॅरट म्हणजे नेमकं ०.२ ग्रॅम, जगभर एकच. रत्ती म्हणजे मूळची गुंज, आणि तिचं वजन कोणी सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास धरतं, तर ग्रहांचे खडे विकणारे एकशे ऐंशीच्या आसपास. "सव्वापाच रत्तीचा द्या" म्हटलं की किती दिला हे देणाऱ्यालाच ठाऊक. ज्योतिषावर माझा विश्वास आहे की नाही हे विचारू नका, माझ्या सासूबाई समोर बसल्यात. पण ग्रहासाठी घेत असाल तरी वजन कॅरटमध्येच लिहून घ्या. आणि भाव दर कॅरटचा असतो, तो आकाराबरोबर चढतो. एक कॅरटच्या चांगल्या खड्याच्या दुपटीत दोन कॅरटचा तसाच खडा मिळत नाही, कितीतरी जास्त लागतात. म्हणून तीन कॅरटचं निर्दोष माणिक २२,००० ला मिळतंय म्हटल्यावर मी तिथूनच उठायला हवं होतं.

प्रयोगशाळेत तयार झालेला आणि काचेचा, हे दोन वेगळे. कृत्रिम माणिक रसायनाने माणिकच असतं, तितकंच कठीण, मोहच्या मापावर ९. फ्रान्सच्या वर्नई यांनी ते बनवण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली. आपल्या वडिलांच्या एचएमटी घड्याळाच्या तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असायचं, आठवतंय? ते हेच. तेव्हा "जुना खडा आहे, म्हणजे खरा" हेही खरं धरू नका. आजीच्या कुडीतला लाल खडा कृत्रिम असू शकतो. आणि कोणी काचेवर ओरखडा काढून दाखवला तर टाळ्या वाजवू नका, कृत्रिम माणिकही तसाच ओरखडा काढतं. हिऱ्याचं टेस्टर म्हणजे पेनासारखं यंत्र 'पीं' करतं, तेही तसंच. साधं टेस्टर उष्णता किती झपाट्याने वाहते एवढंच पाहतं. त्याला मॉयसेनाइट फसवतं, आणि प्रयोगशाळेतला हिरा तर त्याच्या लेखी हिराच.

मग तापवलेला खडा वाईट का? नाही. यात लोक उगाच घाबरतात. श्रीलंकेत 'गेउडा' नावाचे दुधट, निस्तेज खडे मिळतात. त्यांना किंमत नव्हती. १९७० च्या दशकात थाई व्यापाऱ्यांनी ते नेले, भट्टीत तापवले आणि ते निळे झाले. आज बाजारातले बहुतेक नीलम आणि माणकं तापवलेलीच असतात, आणि नुसतं तापवणं टिकाऊ असतं. पाचूत तेल मुरवतात, तीही जुनी रीत आहे, फक्त असा पाचू गरम पाण्यात किंवा कंपनांच्या मशीनमध्ये धुवायचा नाही. सांगून विकलं तर यात फसवणूक नाही. न तापवलेल्याचा भाव घेऊन तापवलेला दिला तर आहे. म्हणून "हीटेड आहे का? आत काही भरलंय का?" हे सरळ विचारा, आणि जे उत्तर मिळेल ते पावतीवर लिहून मागा. तोंडाने दहा वेळा 'नॅचरल' म्हणणारा माणूस पेन हातात घेतल्यावर कसा अडखळतो, ते बघण्यासारखं असतं.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर दुकानदाराने दुकानाच्याच कागदावर दिलेलं सर्टिफिकेट म्हणजे ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्टिंग करून 'पास' लिहिणं. माझ्या टीममध्ये मी ते चालू देत नाही. कागद स्वतंत्र प्रयोगशाळेचा हवा, त्यावर खड्याचं वजन आणि मापं हवीत, ती समोरच्या खड्याशी जुळायला हवीत, आणि रिपोर्टचा नंबर त्या प्रयोगशाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून बघावा. दुकानदाराने दाखवलेल्या लिंकवर नाही. थायलंडमध्ये जेम अँड ज्वेलरी इन्स्टिट्यूट ही संस्था आहे, आपल्याकडे मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आणि जीआयए, जयपूरला पूर्वी जेम टेस्टिंग लॅबोरेटरी या नावाने चालणारी प्रयोगशाळा. चांगल्या रिपोर्टमध्ये 'किंमत इतकी' असं लिहिलेलं नसतं. किंमत ठळक छापलेली दिसली की कागद बाजूला ठेवा.

दुसऱ्या वेळी मी हे सगळं पाळलं. २०१७ मध्ये आईला घेऊन श्रीलंकेला गेलो. रत्नपुरा कोलंबोपासून शंभरेक किलोमीटर. नावातच रत्नं. तिथे भाताच्या खाचरांशेजारी विहिरीसारखे खड्डे खणतात, खालचा खडीचा थर काढतात, त्याला 'इल्लम' म्हणतात, आणि वेताच्या टोपलीत पाण्यात फिरवून धुतात. आई तासभर ते बघत उभी राहिली. रस्त्यावर दलाल कागदाच्या घडीत खडे घेऊन उभे असतात. आईला मोह झाला, मी हात धरून पुढे नेलं. रस्त्यावर, उन्हात, घाईत, पाच माणसांच्या घोळक्यात जाणकारसुद्धा चुकतो.

दुकानात गेलो तर आईनेच ताबा घेतला. दुकानात पिवळे दिवे होते, त्यात प्रत्येक लाल खडा पेटलेला दिसतो. आईने मालकाला खडा घेऊन दाराशी यायला लावलं, सावलीतल्या उजेडात. घडवलेली अंगठी घ्यायची नाही, सुटाच खडा दाखवा म्हणाली, कारण पाठ बंद असलेल्या कोंदणात खाली चमकी लावतात, "हे आम्हीच करायचो ना!" मराठीत म्हणाली, पण मालकाला समजलं असावं, कारण तो हसला. खडा आडवा धरून बाजूनेही पाहिला, दोन थर चिकटवलेले असतील तर जोड बाजूने दिसतो. शेवटी १.१ कॅरटचा फिकट निळा नीलम पसंत पडला. मालकाने स्वतःच सांगितलं, तापवलेला आहे, आणि पावतीवर तसंच लिहिलं. नॅशनल जेम अँड ज्वेलरी ऑथॉरिटी ही तिथली सरकारी संस्था आहे, तिच्याकडे खडा तपासून घेऊ आणि मगच उरलेले पैसे देऊ, असं मी म्हटलं. तो तयार झाला. जो विक्रेता तपासणीचं नाव काढल्यावर दुखावल्यासारखा होतो, त्याच्याकडे घेऊ नका. खरा माल असलेल्याला तपासणीचा राग येत नाही.

पैसे क्रेडिट कार्डाने दिले, म्हणजे वाद झालाच तर बँकेकडे तक्रार करता येते. आणि "आम्ही घरी पाठवून देऊ" याला कधीही हो म्हणू नका. बँकॉकच्या त्या टोळ्या हेच करतात, खडा पोस्टाने पाठवतात, म्हणजे तुम्ही मायदेशी पोचेपर्यंत तो नीट बघताच येत नाही.

येताना कस्टम्स. २०२३ मधल्या नियमांप्रमाणे बहुतेक देशांतून परतणाऱ्या भारतीयाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या सामानावर शुल्क नव्हतं, त्यावरच्या रकमेला ३८.५ टक्के लागत होतं. जास्तीचं असेल तर लाल मार्गाने जाऊन सांगावं. पर्समध्ये लपवून हिरव्या मार्गाने जाऊन वर ग्रुपवर "काहीच विचारलं नाही" असं लिहिणाऱ्यांनो, तुमच्या आधीच्या पन्नास जणांना विचारलं नसेल, एकावन्नाव्याला विचारतात. आपले स्वतःचे भारी दागिने घालून जाणार असाल तर जातानाच विमानतळावर कस्टम्सकडून त्यांचं प्रमाणपत्र करून घ्यावं, म्हणजे परतताना ते तिकडे घेतलेले नाहीत हे दाखवता येतं.

आणि गुंतवणूक म्हणून खडे घेऊ नका. सोन्यासारखा त्यांचा रोजचा भाव पेपरात येत नाही. विकायला गेलात की किंमत समोरचा ठरवतो. आवडला, परवडला, हातात छान दिसला, एवढ्यासाठीच घ्या.

माझं बोलणं संपलं. जेवणानंतर मी वरच्या मजल्यावर, आपल्या जुन्या सातवी-ब च्या वर्गात खिडकीपाशी बसणार आहे. तिथे उजेड चांगला येतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलं आहे. अंगठी आणलीत तरी चालेल, सुटा खडा असेल तर उत्तम. मी सांगेन तो नुसता अंदाज, पक्कं ते प्रयोगशाळाच सांगेल. आईही आली आहे, ती मागच्या खुर्चीवर बसली आहे. तिला विचारलंत तर माझ्या आधी सांगेल, फक्त आता ती गप्प बसत नाही, हे लक्षात ठेवून विचारा.